आवाज बारीक झालाय गं

आमच्या घरात पंचेचाळीस या आकड्याला फार मान आहे. २०१४ साली ह्यांनी पन्नाशीनिमित्त स्वतःलाच होम थिएटर भेट दिलं. पुढे दोन स्पीकर, मागे दोन, टीव्हीच्या खाली मधोमध एक आडवा, कोपऱ्यात तो धम्म करणारा वूफर आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणजे एक काळा, जडशीळ डबा. त्याला रिसीव्हर म्हणतात. सेट-टॉप बॉक्स असो की डीव्हीडी, सगळ्यांचा आवाज आधी या मुकादमाकडे जातो आणि मग तो ठरवतो, कुणाकडून किती काम करून घ्यायचं. आमच्याकडे टीव्हीला फक्त चित्रापुरतं ठेवलंय.

पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, "वहिनी, आमच्या मांडणीवरची भांडी वाजतायत." ते गेल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. डब्यावर जो निळा आकडा दिसतो, तो पंचेचाळीसच्या वर जायचा नाही. विषय संपला. नऊ वर्षं आम्ही हा नियम पाळला. मी तर जरा जास्तच इमानदारीने पाळला, हे आता कळतंय.

२०२३ची दिवाळी झाली आणि एके दिवशी रात्री जेवताना आई म्हणाल्या, "हल्ली आवाज बारीक झालाय गं टीव्हीचा."

हे चटकन म्हणाले, "आई, आवाज नाही, तुझे कान बारीक झालेत."

सगळे हसलो. आईसुद्धा हसल्या. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला असं म्हटलं तर त्यात चुकीचं ते काय, असंच तेव्हा वाटलं. पण त्यानंतर त्या आवाजाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

आमचा दुपारचा क्रम ठरलेला. मी २०२१मध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून दुपारी दोन ते चार सोसायटीच्या वाचनालयात बसते. निघण्यापूर्वी आईंना त्यांची मालिका लावून द्यायची, डब्यावरचा आकडा पंचेचाळीस करायचा (दुपारी खालचे काका झोपतात ना!) आणि निघायचं. त्या डब्याच्या रिमोटला पन्नासेक बटणं आहेत. आई त्याला हात लावत नाहीत. "त्यात विमान चालवतात," असं म्हणतात. त्यांचा रिमोट म्हणजे सेट-टॉप बॉक्सचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. चॅनेल पुढे-मागे करण्यापुरता.

डिसेंबरात एकदा मी विसरलेला चष्मा न्यायला परत आले. आई खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या आणि पात्रांच्या ओठांकडे बघत होत्या. मला बघून खुर्ची मागे सरकवली. मी चष्मा घेतला आणि गेले. काय बोलणार? मनात म्हटलं, वय झालं.

एकदा का ‘ऐकू येत नाही’ हा शिक्का बसला, की घर कसं बदलतं बघा. आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागलो. मोठ्याने बोलायचं तर कमी शब्दांत बोलायचं. मग किरकोळ गोष्टी सांगणंच बंद झालं. पेपरातली बातमी, शेजारच्यांच्या मुलीचं ठरलं ते, भाजीवाल्याची गंमत. कोण ओरडून सांगणार? जेवताना आमची बोलणी त्यांच्या डोक्यावरून व्हायला लागली. त्याही गप्प राहून ताटात बघत जेवायच्या. जानेवारीत त्यांनी भजनी मंडळाला जायचं थांबवलं. "सूर कळत नाहीत. माझ्यामुळे बाकीच्यांची टाळी चुकते," एवढंच म्हणाल्या. बत्तीस वर्षं ज्या बाईने मंडळाचा गुरुवार चुकवला नाही, ती.

तेव्हा मात्र मी उठले आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मनातून मी श्रवणयंत्राच्या खर्चाची तयारीही केली होती. डॉक्टरांनी आधी कानात मळ नाही ना ते पाहिलं. पुष्कळदा नुसत्या मळानेही कान बंद होतात म्हणे. मग ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. काचेची छोटी खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. आई परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

ऑडिओलॉजिस्ट म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. तिने आलेख समोर ठेवला. रेघ सुरुवातीला बरीचशी सरळ आणि शेवटी, उंच पट्टीच्या बाजूला, उतरलेली. वयामुळे जे ऐकणं कमी होतं ते असंच होतं, दोन्ही कानांना सारखं आणि आधी वरच्या पट्टीचं. त्यामुळे स, श, फ असली अक्षरं निसटतात आणि ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी तक्रार असते. आईंचं तसं थोडं झालेलं होतं. पण वयाच्या मानाने बरं होतं. यंत्राची आत्ताच गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं तिने सांगितलं. मग जरा थांबून तिने विचारलं, "आजी, हे कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासून," आई म्हणाल्या.

"आजी, वयाने येणारा बहिरेपणा असा दोन-अडीच महिन्यांत येत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू येतो. आणि मी तुमच्याशी साध्या आवाजात बोलतेय, तुम्हाला सगळं ऐकू येतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टीव्ही तपासलात का?"

(जाता जाता तिने आणखी एक सांगितलं, ते इथे लिहायलाच हवं. एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, विशेषतः एकाच कानाने, तर ते वय म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे उशीर महागात पडतो.)

रिक्षात बसल्यावर मला आठवायला लागलं. स्वयंपाकघरात मी लेकीशी फोनवर कुजबुजत बोलते ते आईंना हॉलमध्ये स्पष्ट ऐकू येतं. हा अनुभव तर मागच्याच आठवड्यातला! सुना मला समजून घेतील. मग ही बाई बहिरी कशी?

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. रोज संध्याकाळी बघतोच ना आपण." त्यावर मी उठून डब्याकडे बघितलं. बातम्या चालू होत्या. निळा आकडा होता बासष्ट.

"हा बासष्ट कधीपासून?"

ह्यांना सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. रोज दुपारी मी तो आकडा अठ्ठावन्न, साठ असा बघत होते, ‘ह्यांचे लाड’ असं पुटपुटत होते आणि मुकाट्याने पंचेचाळीसवर आणत होते. म्हणजे आवाज आमच्यासाठीही कमी झालाच होता. पण ज्यांच्या हातात रिमोट होता त्यांनी तो वाढवून घेतला आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ज्यांच्या हातात नव्हता त्यांना आम्ही कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. डबा चालू केला, कान लावला, वरून दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "बोर्ड वीक झालाय. आठ हजार. त्यापेक्षा साउंडबार घ्या." बंगळुरूहून लेकीचाही तोच सल्ला. व्हिजिटचे पाचशे घेऊन तो गेला. हे आठ हजार द्यायला निघालेही होते. पण माझी एकतीस वर्षं बँकेत गेलीत. टॅली लागत नाही म्हणून कुणी खातं बंद करत नाही, आधी फरक शोधतात. आमच्या वेळी लेजर हाताने जुळवायचे. फरकाच्या रकमेला नवाने भाग गेला की समजायचं, कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय, त्रेपन्नचे पस्तीस लिहिलेत. अशा खुणा असतात. त्या बघायच्या आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

रविवारी सकाळी मी डब्याचं माहितीपुस्तक घेऊन बसले. नऊ वर्षांत ते पहिल्यांदा उघडलं गेलं. बरंच शिकले. एक म्हणजे काही रिसीव्हरमध्ये म्यूटचं बटण आवाज पूर्ण बंद करत नाही, नुसता खाली आणतं. चुकून दाबलं गेलं तर माणूस चक्रावतो. आमचं तसं नव्हतं. दुसरं म्हणजे ‘नाइट मोड’. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मोठे आवाज दाबून धरणारी सोय. ती चुकून चालू राहिली तर सगळंच दबलेलं वाटतं. तीही बंद होती. तिसरं, तो मधला आडवा स्पीकर. सिनेमातले संवाद मुख्यतः त्याच्यातून येतात. त्याची वायर ढिली असेल तर गाणी, पाऊस, घोड्यांच्या टापा सगळं ऐकू येतं आणि माणसं मात्र पुटपुटतात. मी डबा बंद केला, प्लग काढला आणि मागे हात घातला, तर मधल्या स्पीकरच्या वायरीचा एक तांब्याचा केस बाहेर आला होता. तो शेजारच्या खुंटीला टेकला तर शॉर्ट होतं. पीळ घालून नीट आत बसवला. मला वाटलं, सापडलं! चालू करून बघितलं, तर काही फरक नाही. नुसताच हाताला जळमटांचा प्रसाद.

मग मला लेजर आठवलं. फरक शोधताना पहिलं काम म्हणजे तो कोणत्या बाजूचा आहे ते ठरवणं. हे मी सुरुवातीलाच करायला हवं होतं. सेट-टॉप बॉक्स बाजूला ठेवला, डीव्हीडी लावली आणि आकडा पंचेचाळीसवर आणला. आवाज खणखणीत! अगदी पूर्वीसारखा. हे म्हणाले, "हो गं, परवा बातम्यांवरून डीव्हीडीवर गेलो तर केवढ्याने दणकला. मला वाटलं, सिनेमाच तसा असेल."

घ्या! खूण समोर होती आणि आम्ही सिनेमाला दोष देत होतो. आवाज वाढवणारा डबा शाबूत, स्पीकर शाबूत, आठ हजारांचा बोर्डही शाबूत. गडबड डब्याच्या अलीकडे, सेट-टॉप बॉक्सच्या बाजूला. केबल बदलून बघितली, दुसऱ्या भोकात घालून बघितली. तसाच. (पुस्तक वाचून झालेलं आणखी एक ज्ञान म्हणजे डिजिटल केबल खराब झाली की आवाज तुटतो, करकरतो नाही तर जातो. बारीक होत नाही.) मग कंपनीला फोन. पंधरा मिनिटं संगीत ऐकवून त्यांनी बॉक्स बंद-चालू करायला सांगितलं. केला. आवाज होता तिथेच.

सोमवारपासून मी वाचनालयाला सुट्टी दिली आणि दोन वाजता आईंच्या शेजारी बसायला लागले. सोमवार, मंगळवार काही नाही. मालिका मात्र चांगली आहे, मला कुणी सांगितलंच नव्हतं. बुधवारी ऐन रंगात आली असताना साताऱ्याहून मावशींचा फोन आला. आईंची धाकटी बहीण. दिवाळीत त्यांच्या नातवाने त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला, तेव्हापासून आठवड्यातून एखाददुसऱ्या दुपारी फोन असतो. आईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो रिमोट उचलला, आवाजाचं वजा बटण दोनदा दाबलं आणि बोलायला लागल्या. फोन संपल्यावर अधिकचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग अंगठा रेटून पाच-सहा वेळा. टीव्ही ढिम्म. त्यांनी रिमोट मांडीवरून उचलून शांतपणे बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

मी तिथेच बसल्या जागी सुन्न झाले.

सेट-टॉप बॉक्सला त्याचा स्वतःचा आवाज असतो, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. आम्ही तो कधी हलवायचोच नाही. गच्चीवरच्या टाकीचा कॉक अर्धा बंद असेल तर खाली नळ कितीही सोडा, धार बारीकच येणार. बॉक्सने आधीच बारीक केलेला आवाज मुकादमाला मिळत होता. (बॉक्सची सेटिंग डॉल्बीचा आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवायची असेल, तर त्यावर बॉक्सच्या बटणांचा परिणाम होत नाही. आमची तशी नव्हती.) वजा बटण चालत होतं, अधिकचं मेलं होतं. म्हणजे प्रत्येक फोनला आवाज दोन पायऱ्या खाली, वर कधीच नाही. पडद्यावर खाली पट्टी यायची ती तर जेमतेम तिसरा हिस्सा उरली होती. दिवाळीपासून आईंचे कान नव्हे, ती पट्टी कमी होत होती.

खात्री करायला मी लेकीने शिकवलेली एक युक्ती केली. मोबाइलचा कॅमेरा सुरू करायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. रिमोटचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघावं. वजा दाबलं, लखलख. अधिक दाबलं, अंधार. आईंना दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेऊन स्वतः तीन वेळा करून बघितलं.

"म्हणजे मी दाबत होते ते बरोबर होतं?"

"हो आई."

"आणि कान?"

"कान तुमचे आहेत तसेच आहेत."

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं, आता एकेक दिवा मालवायला लागला. आधी कान, मग डोळे... तुम्हाला कशाला सांगायचं रोज रोज."

संध्याकाळी रिमोट उघडला. बटणांच्या रबराखाली काळे ठिपके असतात, ते खालच्या पट्टीवर टेकले की बटण लागतं. अधिकच्या बटणाखालच्या पट्टीवर हिरवट गंज चढला होता. तिथे पाणी कसं गेलं, हा प्रश्न मी मोठ्याने विचारला आणि विचारता विचारताच उत्तर मिळालं. दिवाळीच्या साफसफाईत काच पुसायचं निळं पाणी भसाभस फवारून रिमोट कुणी पुसले होते? नवी प्लॅस्टिकची पिशवी ओल्या रिमोटवर कुणी चढवली होती? बाहेरून रिमोट अगदी चकाचक होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. तर, मैत्रिणींनो, फवारा कापडावर मारायचा, वस्तूवर नाही.

नवा रिमोट स्टेशनजवळच्या दुकानात दोनशे रुपयांना मिळाला. बॉक्सचा आवाज पूर्ण करून टाकला आणि कमी-जास्त काय करायचं ते यापुढे डब्यावरूनच, असं ठरवलं. पुस्तकात बघून मधल्या स्पीकरचा आवाज बाकीच्यांपेक्षा तीन डेसिबलने वाढवला. आईंना तेवढ्याने संवाद आणखी स्पष्ट येतात. आलेखातली ती उतरलेली रेघ काही खोटी नव्हती.

ह्यांनी माफी वगैरे मागितली नाही. तसं आमच्याकडे कुणी मागत नाही. पण त्या रात्री ते आईंच्या शेजारी बसले, संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत राहिले आणि दुपारच्या मालिकेचं रात्रीचं पुनःप्रक्षेपण सबंध बघितलं. मध्येच "ही कोण?" असं विचारून चार वेळा ओरडाही खाल्ला. गुरुवारी आई मंडळाला गेल्या.

आता त्या विमानाच्या रिमोटवर मी दोन टिकल्या लावल्यात. अधिकवर लाल, वजावर हिरवी. आईंना शिकायला एक दुपार लागली. परवा रविवारी मॅच ऐन भरात असताना आवाज अचानक खाली गेला. हे सोफ्याखाली, उशांमागे, पेपरांत रिमोट शोधत होते. आई शेजारी बसून जपमाळ ओढत होत्या, आणि रिमोट त्यांच्या पदराखाली होता.